न दिसणाऱ्या कामाची जाहिरात

आमच्या धंद्यात समाधानी गिऱ्हाईक गप्प बसतं. शिंप्याने सदरा चांगला शिवला, डॉक्टरांच्या गोळीने ताप उतरला, तर माणूस शेजाऱ्याला नाव सांगतो. गाडीचा चेपलेला पत्रा सरळ करणाऱ्याचं नाव सांगायचं, तर आधी आपली गाडी ठोकली होती हे सांगावं लागतं. आणि ते कोणाला कळू नये म्हणूनच तर तो आमच्याकडे आलेला असतो.

‘आमच्या धंद्यात’ असं लिहिताना माझा हात अजून अडखळतो. मी एका शाळेत ग्रंथपाल होते. आयुष्यभर माझा संबंध आला तो पुस्तकांशी आणि शांततेशी. वर्तकनगरातलं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज माझ्या नवऱ्याचं, हेमंतचं. नौपाड्यातल्या आमच्या घरी संध्याकाळी तो यायचा तेव्हा कपड्यांना थिनरचा वास असायचा आणि बोलण्यात दिवसभराची एखादी गोष्ट असायची. गॅरेजशी माझं नातं तेवढंच होतं.

त्यातली एक गोष्ट मला फार आवडायची. नौपाड्यातलंच एक जोडपं. बाईंनी गाडी मागे घेताना खांबाला लावली आणि ‘ह्यांना सांगू नका’ म्हणत बंपर करून नेला. काही दिवसांनी साहेब आले. त्यांनी पुढचा कोपरा कुठेतरी घासला होता. ‘हिला कळायला नको.’ हेमंतने तोही करून दिला. मग कधीतरी रस्त्यात उभ्या गाडीवर कोणीतरी ओरखडा काढला, आणि त्यासाठी दोघं मिळून आले. साहेब बाईंना म्हणाले, “हे गॅरेज बरं आहे म्हणतात.” बाई म्हणाल्या, “हो का? मी नाव नव्हतं ऐकलं.” हेमंतने दोघांना चहा दिला आणि विचारलं, “कोणी पाठवलं आपल्याला?”

वर्तकनगरची जागा लहान. दोन गाड्या आत, तिसरी आली की गल्लीतून हॉर्न. रंगकाम उघड्यावरच चालायचं, त्यामुळे ओल्या रंगावर धूळ बसायची, कधी पिंपळाचं पान येऊन चिकटायचं. हेमंतला बंद रंगखोली हवी होती. म्हणून त्याने शीळफाट्याला एक मोठी शेड भाड्याने घेतली आणि तिच्यात रंगखोली बांधायला काढली. ती पुरी होत आली होती, आणि थंडीतल्या एका सकाळी चहा पिता पिता हेमंत गेला.

वर्तकनगरचं गॅरेज जुन्या गिऱ्हाइकांवर चालत राहिलं. शीळफाट्याची रंगखोली मागाहून पुरी झाली, पण शेड रिकामीच. तिथे नेमलेली दोन माणसं रोज येऊन झाडून, हत्यारं पुसून बसायची. एक युसूफभाई, मुंब्र्याचे, पत्रा ठोकण्यात हेमंतइतकेच मुरलेले आणि त्याच्या पहिल्या दिवसापासूनचे सोबती. दुसरा दत्ता, डोंबिवलीचा रंगारी. घरात हेमंतचा चष्मा जागच्या जागी होता आणि त्याच्याकडे बघत बसणं मला झेपेना. म्हणून मी शेडवर जाऊन बसायला लागले. सोबत एक पुस्तक न्यायचे. बऱ्याचदा त्याचं एकच पान दिवसभर उघडं असायचं.

शेडचे मालक दामूशेठ. त्यांच्या वडिलांची तिथे भातखाचरं होती. उन्हाळ्याच्या शेवटी ते आले, खुर्ची ओढून बसले.

“बाय, तुमचं दुख मोठं हाय, मना समजतं. पन शेड अशी बसून राहिली त कुनाचा फायदा? फरशीवाला मागं लागलाय माझ्या. दसऱ्यापरेंत बगा. मंग मना नाय बोलू नका.”

त्यांचं काही चुकत नव्हतं. पण शेड सोडायची म्हणजे रंगखोली मोडायची, आणि युसूफभाई आणि दत्ताला परत त्या गल्लीत न्यायचं, जिथे दोघांना पुरेल इतकं काम नव्हतं. शिवाय ती हेमंतने सुरू केलेली शेवटची गोष्ट होती. ती माझ्या हातून बंद व्हावी असं मला वाटत नव्हतं.

लोकांना कळायला तर हवं की इथे असं काही आहे. चौकातल्या मोठ्या फलकाचं भाडं विचारलं आणि आभार मानून फोन ठेवला. मग स्वस्तातले उपाय. पहिला अर्थातच माझ्या स्वभावाचा: छापील पत्रक. मजकूर मी लिहिला, मीच तपासला आणि वर्तमानपत्रांतून तो कल्याण-डोंबिवलीभर गेला. त्यात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. फोनही एकही आला नाही. पुढे वाचनालयातून आणलेल्या एका कादंबरीत ते पत्रक मला सापडलं. निम्म्या पुस्तकापर्यंत पोचलेल्या कोणीतरी खूण म्हणून घातलं होतं. तेवढा तरी उपयोग झाला.

दत्ता म्हणाला, “काकू, आधीचा आणि नंतरचा फोटो काढून स्टेटसला टाकू. फुकटात होतं.” मला पटलं. वर्तकनगरहून काम करून गेलेल्या डोंबिवलीच्या एका मुलीला विचारलं.

“अहो काकू, नको हं!” ती जवळजवळ ओरडलीच. “माझे सासरे सगळ्यांचे स्टेटस बघतात. सकाळी उठून तेच तर करतात.”

“नंबरप्लेट झाकू की.”

“मागच्या काचेवर कुलदेवीचं नाव आहे, त्याच्याखाली दोन्ही मुलांची नावं आहेत. काय काय झाकाल?”

मग एका रविवारी कल्याणच्या एका सोसायटीत गेलो. गाडीवरचे बारीक ओरखडे फुकट घालवून देऊ, असं सेक्रेटरींना सांगून परवानगी काढली होती. लोक खाली आले, उभे राहिले, एकमेकांच्या गाड्यांवरचे ओरखडे आम्हाला दाखवले. स्वतःची गाडी कोणी पुढे काढेना. दत्ता वैतागून म्हणाला, “काकू, इथे सगळ्यांच्या गाड्या चांगल्यायत, फक्त शेजाऱ्याच्या ठोकलेल्यायत.” निघताना वॉचमनने दत्ताला बाजूला घेतलं. वरच्या मजल्यावरच्या एका साहेबांना आमचा पत्ता हवा होता, पण तोंडी.

तेव्हा मला या धंद्याची खरी अडचण कळली. काम जितकं चांगलं, तितकं ते दिसत नाही. आणि जे दिसत नाही, त्याची जाहिरात कशी करायची?

उपाय युसूफभाईंना सुचला. आमच्या फाटकासमोरचा रस्ता म्हणजे शीळफाट्याची कोंडी. सकाळ-संध्याकाळ गाड्या मुंगीच्या पावलाने सरकतात. आतली माणसं समोरच्या गाडीचं बूड बघत बसलेली असतात.

“भाभी,” युसूफभाई म्हणाले, “ये लोग रोज इधरच उभे असतात. वाचायला काही तरी द्या ना त्यांना. तुम्ही तर किताबवाल्या.”

“काय देऊ?”

ते आत गेले आणि एक दार घेऊन आले. निळं, आमच्या जुन्या गाडीचं, पुढचं डावं. हेमंतनंतर मी गाडी भंगारात दिली होती. मला चालवता येत नव्हती आणि तिचं वयही झालं होतं. त्यातलं हे एक दार युसूफभाईंनी मला न सांगता काढून ठेवलं होतं. “सेठच्या हातचं काम आहे,” एवढंच म्हणाले.

ते खरं होतं. युसूफभाई घरच्या लग्नासाठी गावी गेलेले असताना ते दार चेपलं होतं आणि हेमंतने बऱ्याच दिवसांनी स्वतः हातोडी धरली होती. मी तेव्हा विचारलं होतं, काय झालं? तो म्हणाला होता, “अगं, पाण्याचा टँकर घासून गेला. हँडलच्या मागे जरासं आत गेलंय, बशीएवढं.”

इथे थोडं कामाविषयी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. पत्रा ठोकणं म्हणजे जोरात ठोकणं नव्हे. दाराचं आतलं अस्तर काढतात, आतून हात घालून पत्र्यामागे डॉली नावाचा लोखंडी ठोकळा धरतात आणि बाहेरून हलक्या हातोडीने टिपत जातात. खड्ड्याच्या मध्यावर नाही, कडेकडून आत. घाईने मध्येच मारलं की पत्रा ताणला जातो आणि मग तो कधी बसत नाही. वाईट कारागीर उरलेला खड्डा लांबीने, म्हणजे पुटीने, भरतो. वर्षभरात ती लांबी तडकते. चांगला कारागीर पत्राच इतका जागेवर आणतो की लांबी नावापुरती लागते. मग ओल्या पॉलिश पेपरने घासणं, प्रायमरचा थर, आणि शेवटी अख्ख्या दारावर एकसारखा रंग. काम झाल्यावर हेमंत गाडी उतरत्या उन्हात तिरकी उभी करायचा. त्या उजेडात पत्रा काही लपवू शकत नाही.

ते दार आम्ही फाटकाजवळ पत्र्याच्या छपराखाली टांगलं. वर पाटी लावली. मजकूर माझा: ‘या दाराच्या एका अर्ध्या भागात खड्डा पडला होता. पुढचा की मागचा? ओळखा.’ आणि खाली: ‘ओळखता आलं नाही, तर तुमची गाडी आत आणा.’

पहिला दिवस तसाच गेला. दुसऱ्या दिवशी एका रिक्षातून आवाज आला, “ओ काकू, मागचा ना?” मी मान हलवली. रिक्षावाल्याने हॉर्न वाजवून विजय साजरा केला. त्याच्या मागच्या डंपरचा चालक खिडकीतून अर्धा बाहेर येऊन ओरडला, “माताजी, आगेवाला! शर्त लगाओ!” एका गाडीत नवरा-बायकोचं जुंपलं.

“पुढचाच आहे. हँडलजवळ बघ, चमक वेगळी आहे.”

“तुला फ्रीजमधलं लोणी सापडत नाही, तुला चमक दिसली?”

“आपल्या दाराची पण दिसते मला. तू काहीतरी लावलंयस तिथे.”

पुढची गाडी हलली, काच वर गेली, म्हणून बाकीचं ऐकू आलं नाही. पण दोन दिवसांनी त्या बाई एकट्या गाडी घेऊन आल्या.

मग येतच गेल्या गाड्या. कोणी नुसतं दारावरून हात फिरवायला थांबायचं आणि जाता जाता म्हणायचं, “माझ्या एका मित्राची गाडी आहे…” आम्ही म्हणायचो, “आणा ना मित्राची.” पण खरी गंमत वेगळीच झाली. ‘शीळफाट्याचं ते दार बघितलंस का?’ असं आता कोणीही कोणालाही विचारू शकत होतं. त्यासाठी स्वतःची गाडी ठोकल्याचं कबूल करायची गरज नव्हती. गप्प बसणाऱ्या गिऱ्हाइकांना आम्ही बोलायला एक विषय दिला होता. दाराला सासरे नव्हते.

दामूशेठही एकदा थांबले. पाटी वाचली, दारावरून तळवा फिरवला.

“पुढला,” ते म्हणाले.

“चुकलात शेठ. मागचा.”

त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. “नक्की ना बाय?”

“माझ्याच गाडीचं दार आहे.”

“बरं, मागला त मागला,” असं म्हणून हसत निघून गेले. हरलेला माणूस इतका खूश का, हे मला कळलं नाही.

शेडविषयी मात्र ते काही बोलले नाहीत. गणपती झाले, पितृपक्ष सरला आणि एका दुपारी फरशीवाल्याची माणसं येऊन शेडची मापं घेऊन गेली. दत्ताने त्यांना पाणी दिलं आणि रंगखोलीत जाऊन दार लावून बसला. युसूफभाई म्हणाले, “कस्टमर आत्ता कुठे यायला लागला, भाभी.” काम वाढत होतं, पण दामूशेठनी मला दिलेली मुदत दसऱ्याचीच होती, आणि शब्द त्यांनी पाळला होता.

नवरात्र बसल्यावर एका दुपारी मागच्या फाटकातून एक मोठी गाडी आत आली. नवी कोरी, मोत्यासारखी पांढरी. दामूशेठ स्वतः चालवत होते. उतरले आणि आधी फाटक लावून घेतलं. गाडीची उजवी बाजू पुढच्या चाकापासून मागच्या दारापर्यंत खरवडलेली होती.

“कुठे लागली शेठ?” युसूफभाईंनी विचारलं.

“घराच्या कमानीला.”

“कोणाच्या घराच्या?”

“माझ्याच रं! आजाचं नाव टाकून बांदली ती कमान.” ते खाली बसले. “पोरगा गाडी जोरान चालवतं म्हनून चावी काडून घेतली त्याची. सगल्यांच्या देखत बोललो त्याला. आनि आता मीच घासली. दसऱ्याला गाडीची पूजा, सगली घरा जमतात, पोराची सासरवाडी पन. कोनाला कलता नये, बाय.”

“शेठ, आम्ही तेवढंच तर करतो,” मी म्हटलं.

दत्ताला राहवलं नाही. “पण दसऱ्यानंतर इथे फरशी ना शेठ?”

“आदी गाडी दाखव,” दामूशेठ म्हणाले.

मोतिया पांढरा हा रंगाऱ्याची परीक्षा बघणारा रंग. तीन थर, आणि प्रत्येकाची जाडी जराशी कमीजास्त झाली की उन्हात वेगळी छटा दिसते. वर्तकनगरच्या गल्लीत तो नीट झालाच नसता. दत्ताने रंगखोली आतून धुऊन काढली, नमुन्याच्या पट्ट्यांवर रंग मारून गाडीशेजारी धरून बघितला, पुन्हा केला, पुन्हा बघितला. हेमंतने बांधायला घेतलेली ती खोली पहिल्यांदा तिच्या खऱ्या कामाला लागली. आत पंखे सुरू झाल्याचा आवाज मी बाहेर बसून ऐकला. त्या दिवशी माझ्या पुस्तकाची बरीच पानं उलटली गेली.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. हातोड्या, डॉल्या, कानशी धुऊन पाटावर मांडल्या, झेंडू वाहिले. दत्ता म्हणाला, दारालाही हार घालू, तेच तर गिऱ्हाईक आणतं. दार खाली काढलं तर आत पाणी खळखळलं. तिरक्या पावसाचं पाणी शिरलं होतं आणि खालची भोकं कचऱ्याने बुजली होती. “गंजून जाईल,” म्हणत युसूफभाईंनी आतलं अस्तर उघडलं. उजेड आत टाकला आणि थांबले.

“भाभी, जरा या.”

दाराची बाहेरची बाजू कितीही गुळगुळीत केली तरी आतली बाजू कोणी घासत बसत नाही. तिथे डॉलीचे ठसे राहतात, ठोक्याच्या भांड्यावर असतात तसे, बारीक, एकाशेजारी एक. मला ते हँडलच्या मागे, बशीएवढ्या जागेत दिसायला हवे होते. ते बिजागरीपासून कडीपर्यंत होते. वरून खालपर्यंत. मधली लोखंडी आडवी पट्टीही वाकून सरळ केलेली होती.

“हे बशीएवढं नाही,” युसूफभाई हळू म्हणाले. “आख्खा दरवाजा आत गेलेला.”

दामूशेठ गाडी न्यायला आले होते, ते शेडच्या फाटकात उभे होते. उघड्या दाराकडे बघून त्यांनी टोपी काढली.

मी म्हटलं, “शेठ, तुम्ही पुढचा म्हणाला होतात.”

“म्हनलो व्हतो. तुमी मागला म्हनलात. मी दोनी आत गेलेलं बगितलेलं, बाय.” ते बाकावर बसले. “तुमचं साहेब पयल्यांदा शेड बगाय आलं तवाच. हितंच वलनावर डंपरनं मागं घेताना दाबली गाडी. तुमची बाजू. रिकामी व्हती, देवाची किरपा. साहेब दुसऱ्या बाजून उतरलं, कपडे झटकलं आनि मना विचारतात, रंगाच्या खोलीला उंची पुरेल ना? मंग जाताना बोललं, शेठ, घरी कधी सांगू नका. ती या रस्त्याला पुन्यांदा पाय ठेवनार नाय.”

खरं आहे. मी ठेवला नसता. शेड घेऊ दिली नसती.

दार दुरुस्त झाल्यावर हेमंतने मला शेड दाखवायला आणलं होतं. मी त्याच दाराला टेकून बसले होते, खिडकीच्या कडेवर कोपर ठेवून. तो मधूनमधून डावीकडे बघत होता. मला वाटलं, आरशात बघतोय. “कसं वाटतंय?” त्याने विचारलं. मला वाटलं, शेडविषयी विचारतोय. मी म्हटलं, “छान. जरा गोंगाट आहे, पण छान.” तो मनापासून हसला होता. एवढं हसण्यासारखं मी काय बोलले, हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

ज्यांच्यापासून लपवायचं ती घरची माणसं म्हणजे दुसरी कोणीतरी, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. नौपाड्याच्या त्या जोडप्याची गोष्ट ऐकून मी पोटभर हसायचे, आणि हेमंत शांतपणे आमटी वाढून घ्यायचा. पाटावरच्या हत्यारांसमोर बसून मला रडू आलं, आणि मग, बऱ्याच महिन्यांनी, हसू आलं. युसूफभाई आधी घाबरले, मग तेही हसायला लागले. “सेठ पक्के निघाले, भाभी. घरच्यालाच कस्टमर केलं.”

दत्ताने पांढरी गाडी बाहेर काढून उतरत्या उन्हात तिरकी उभी केली. दामूशेठ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तळवा फिरवत गेले. परत आले. वाकून बघितलं.

“कुटं घासली व्हती रं?” त्यांनी दत्तालाच विचारलं.

दत्ता म्हणाला, “ओळखा.”

दामूशेठनी चावी खिशात टाकली आणि गाडीत बसता बसता म्हणाले, “फरशीवाल्याला सांगतो, जागा नाय म्हनून.”

“खरंच, शेठ?” मी विचारलं.

“मंग? कमान काय हलनार हाय का तिथून? मना परत लागल तं जाऊ कुटं?”

दार पुन्हा फाटकाजवळ टांगलं, हार घालून. दत्ताने विचारलं, पाटी बदलायची का, अर्धा भाग खोडून अख्खं दार लिहू का? मी नको म्हटलं. आता कोंडीत अडकलेलं कोणी काच खाली करून ‘पुढचा’ असं ओरडलं, की मी पुस्तकातून मान वर करून ‘बरोबर’ म्हणते. त्याच गाडीतून दुसरं कोणी ‘मागचा’ म्हणालं, तर त्यालाही ‘बरोबर’ म्हणते. मग ती दोघं माझ्याकडे बघतात, एकमेकांकडे बघतात, काहीतरी विचारायला तोंड उघडतात, आणि तेवढ्यात पुढची गाडी हलते.